जुनी बोहेमियन कलाकाच : ओळख आणि कालनिश्चिती यांसाठी नवख्यांना मार्गदर्शन

आजोळच्या कपाटात मागे पडलेला लाल पेला, जुन्या बाजारात हाती लागलेली झळाळीची फुलदाणी किंवा परदेशी लिलावाच्या यादीत ‘बोहेमिया, अंदाजे 1860’ अशा त्रोटक ओळीखाली दिसलेली सुरई समोर आली की बहुतेक नवखे एकच प्रश्न विचारतात : ही कोणत्या कारखान्याची? माझा अनुभव असा की हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा असतो. बोहेमियात, म्हणजे आजच्या झेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागात, भट्ट्या शेकड्यांनी होत्या, त्यांतल्या बहुतेकांनी मालावर सही केली नाही आणि चांगला खपणारा नमुना शेजाऱ्याने वर्षभरात उचलला. त्यामुळे सुरुवात वेगळ्या प्रश्नाने करावी : ही वस्तू कोणत्या वर्षाच्या आधीची असूच शकत नाही? काचेतले द्रव्य, रंगवण्याची पद्धत, कोरलेले चित्र, तळाचा शिक्का यांतली प्रत्येक गोष्ट असे एकेक वर्ष सांगते आणि त्यांतले सर्वांत अलीकडचे वर्ष वस्तूला बांधून घालते. पुढचे सारे टप्पे याच एका नियमावर उभे आहेत.

साधने आणि कागदपत्रे

दहापट मोठे दाखवणारे जवाहिऱ्याचे भिंग, 365 नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च, साधा पांढऱ्या प्रकाशाचा टॉर्च, एक ग्रॅमपर्यंत अचूक असलेला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, व्हर्नियर कॅलिपर, पांढरा कागद, सुती दोरा आणि टेबलावर अंथरायला जाड टॉवेल एवढे सामान पुरते. अतिनील टॉर्चकडे थेट पाहू नये आणि तो मुलांच्या हाती देऊ नये.

कागदपत्रांत खरेदीची पावती, वस्तू दिसत असलेले जुने कौटुंबिक छायाचित्र, मृत्युपत्र किंवा वाटणीपत्रातला उल्लेख, मूळ खोका आणि त्यावरचे लेबल यांपैकी जे मिळेल ते वस्तूसोबतच ठेवावे. घर आवरताना खोके आधी फेकले जातात. ते फेकू नका, कारण कित्येकदा काचेपेक्षा खोकाच अधिक बोलका असतो.

1. आधी राजवटी आणि गावांची दुहेरी नावे पाठ करा

बोहेमिया 1918 पर्यंत हाब्सबुर्ग, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राजघराण्याच्या, साम्राज्यात होता. त्या वर्षीच्या 28 ऑक्टोबरला झेकोस्लोव्हाकिया जन्मला. 1938 मध्ये जर्मनीने सीमाभाग तोडून घेतला आणि काचेची बहुतेक गावे नेमकी त्याच भागात होती. 1945 नंतर तिथल्या जर्मनभाषकांची हकालपट्टी झाली, कारखान्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि 1 जानेवारी 1993 रोजी झेक प्रजासत्ताक वेगळे झाले. तळावरच्या देशनामाचा अर्थ या पाच-सहा तारखांवाचून लागत नाही.

गावांना जर्मन आणि झेक अशी दोन नावे आहेत. हायडा म्हणजे नोव्ही बोर, श्टाइनशोनाउ म्हणजे कामेनित्स्की शेनोव्ह, गाब्लोन्झ म्हणजे याब्लोनेत्स, कार्ल्सबाड म्हणजे कार्लोव्ही व्हारी, नॉयवेल्ट म्हणजे हाराखोव्हजवळचे नोव्ही स्व्हेत आणि क्लोस्टरम्यूले म्हणजे क्लाश्तेरस्की म्लीन. जुनी पत्रके, संग्रहालयाच्या नोंदी आणि आजचे लिलाव यांत कुठे एक तर कुठे दुसरे नाव येते आणि नवख्याला ती दोन वेगळी गावे वाटतात. मात्र लेबलावर जर्मन नाव दिसले म्हणून वस्तू 1918 पूर्वीची ठरवू नये, कारण दोन महायुद्धांच्या मधल्या काळातही तिथले जर्मनभाषक व्यापारी आपली जर्मन नावे सर्रास वापरत होते.

आणखी एक गोष्ट इथेच मनात पक्की करावी. काच फुंकणारी भट्टी आणि तिच्यावर कोरीव काम, रंगकाम, सोनेकाम करणारी कार्यशाळा ही पुष्कळदा दोन वेगळी घरे असत. नोव्ही बोर आणि कामेनित्स्की शेनोव्ह परिसरातल्या अनेक नामांकित व्यापाऱ्यांकडे स्वतःची भट्टी नव्हतीच. ते कोरी भांडी विकत घेऊन सजवत. लुडविग मोझरने 1857 मध्ये कार्ल्सबाडला सजावटीचा व्यवसाय सुरू केला, पण त्याच्या कुटुंबाची स्वतःची भट्टी 1893 मध्ये पेटली. त्याआधीच्या ‘मोझर’ वस्तूची काच दुसऱ्याच कोणाची असते.

2. तळ, काठ आणि झीज

वस्तू टॉवेलवर आडवी ठेवा आणि तळापासून सुरुवात करा. फुंकलेले भांडे काठ घडवताना लोखंडी गजावर धरलेले असते; गज तोडल्यावर तळाच्या मध्यभागी ओबडधोबड वण राहतो, त्याला पाँटिलचा वण म्हणतात. चांगल्या बोहेमियन कामात हा वण घासून, पॉलिश करून बोटाला गुळगुळीत लागणारी उथळ वाटी केलेली असते. अशी वाटी असणे हे हातकामाचे लक्षण आहे, वयाचे नाही. आजही ती तशीच करतात.

खरी झीज जिथे भांडे टेबलाला टेकते तेवढ्याच कड्यावर असते आणि भिंगाखाली तिच्या रेघा कमी-अधिक खोलीच्या, सर्व दिशांना गेलेल्या दिसतात. एकाच दिशेच्या समांतर रेघा किंवा टेबलाला न टेकणाऱ्या खोलगट भागावरही पडलेला धुरकटपणा दिसला, तर कोणीतरी पॉलिश पेपर फिरवलेला आहे. कपाटातच आयुष्य गेलेल्या शोभेच्या वस्तूला झीज जवळजवळ नसते, हेही ध्यानात ठेवावे.

काठाकडे पाहताना टवका उडालेला भाग घासून बुजवला आहे का ते तपासा. काठ चपटा आणि धारदार लागणे, काठावरची सोनेरी रेघ एका बाजूला नाहीशी होणे, कोरलेल्या पट्टीच्या वरची मोकळी जागा अर्ध्या भागात कमी भरणे या खुणा पुरेशा आहेत. कॅलिपरने चार ठिकाणी उंची मोजली की पाच मिनिटांत निकाल लागतो. गोंदाने चिकटवलेला तुकडा अतिनील प्रकाशात बहुधा वेगळ्या रंगाने उजळतो.

3. काचेचे द्रव्य तपासा

बोहेमियाची परंपरागत काच पोटॅश आणि चुना यांची, कठीण आणि तुलनेने हलकी. इंग्लंडची शिसेयुक्त, जड आणि मऊ. हा फरक हाताच्या अंदाजाने सांगणारे बरेच भेटतील, पण काटा अधिक प्रामाणिक असतो. पातेल्यात पाणी घ्या, ते काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, मग वस्तू दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर दिसणारा आकडा म्हणजे वस्तूचे घनफळ. कोरडे वजन 412 ग्रॅम आणि हा आकडा 165 आला, तर घनता साधारण 2.5 निघते, म्हणजे काच शिशाची नाही. आकडा 2.9 च्या पुढे गेला तर 24 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक शिसे आहे. आत हवेचे बुडबुडे अडकू देऊ नयेत, आणि सोनेकाम, रंगकाम किंवा चिकटवलेला भाग असलेली वस्तू पाण्यात बुडवूच नये.

इथला नेहमीचा सापळा असा की ‘बोहेमिया क्रिस्टल’ हे शब्द आणि 24 टक्के शिशाचा उल्लेख असलेले कागदी किंवा सोनेरी लेबल पाहून लोक वस्तू शंभर वर्षांची समजतात. तसले जड, खोल पैलूंचे फुलदाणी-वाडगे बहुतांशी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या निर्यातीचे असतात. दिवाणखान्यात ते शोभतात, पण पुरातन नव्हेत.

आता अंधार करून अतिनील टॉर्च लावा. हिरवट-पिवळी काच झगझगीत हिरवी पेटली तर तीत युरेनियम आहे. युरेनियम हे मूलद्रव्य 1789 मध्ये ओळखले गेले, त्याचे खनिज बोहेमियातल्याच याखिमोव्हच्या खाणींत मिळे आणि योझेफ रीडेलने 1830 च्या दशकात आना नावाच्या स्त्रीच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या पिवळ्या आणि हिरव्या युरेनियम काचा बाजारात आणल्या. म्हणजे अशी वस्तू त्या दशकाच्या आधीची धरता येत नाही. परंतु हिरवी पेटते म्हणून ती बोहेमियन किंवा जुनी ठरत नाही. इंग्लंड-अमेरिकेतही ही काच भरपूर झाली आणि आजही होते. मंद, फिकट हिरवी छटा दिसली तर ती पुष्कळदा मँगनीजची असते. तिला युरेनियम समजून जादा पैसे मोजू नका. युरेनियमची वस्तू कपाटात ठेवायला हरकत नाही, तीतून रोज पाणी-सरबत पिऊ नये एवढेच.

फिकट जांभळी काच दिवसाच्या उजेडात आणि मग ट्यूबलाइटखाली पाहा. ती ट्यूबखाली निळसर झाली तर तीत निओडिमियम हे मूलद्रव्य आहे. मोझरने 1920 च्या दशकाच्या अखेरीस ‘अलेक्झांड्राइट’ नावाने हीच काच नावारूपाला आणली, त्यामुळे ‘एकोणिसाव्या शतकातली ॲमेथिस्ट’ अशा चिठ्ठीसह ती विकायला आली तर चिठ्ठी चुकीची आहे. भडक नारिंगी, काळ्या किंवा निळ्या काठाच्या, टँगो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फुलदाण्याही विसाव्या शतकाच्याच.

4. रंग नेमका कुठे आहे ते शोधा

नवख्याने सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्यावा, कारण बोहेमियन काचेची खरी करामत इथेच आहे. लाल दिसणारी वस्तू चार तऱ्हांनी लाल असू शकते आणि प्रत्येक तऱ्हेचा काळ आणि मोल वेगळे.

भिंग काठावर धरा आणि काठाच्या जाडीत आडवे पाहा. जाडीभर एकच रंग दिसला तर काच वितळतानाच रंगलेली आहे. आत पांढरी किंवा नितळ काच आणि बाहेर एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड रंगीत थर, त्यांच्यामध्ये स्पष्ट सीमारेषा अशी स्थिती असेल तर ती दुहेरी थराची काच. वरचा थर कापून खालचा उघडा केल्यावर कापलेल्या खळग्याच्या कडेला पायरी दिसते आणि नखालाही ती लागते. ही कलाकुसर 1830 च्या दशकापासून बहरली. पांढऱ्या अपारदर्शक थराच्या खिडक्या कापून त्यांत फुलांचे रंगकाम केलेले चषक याच पद्धतीचे. तिसरी तऱ्हा अतिशय पातळ थराची : पायरी असते, पण केसाएवढी.

चौथी तऱ्हा रंगलेपाची. फ्रीडरिख एगरमान याने हायडा परिसरात 1820 च्या सुमारास चांदीच्या संयुगापासून पिवळा आणि 1830 च्या दशकात तांब्याच्या संयुगापासून लाल लेप सिद्ध केला. लेप लावून भाजल्यावर रंग काचेच्या अगदी पृष्ठभागात मुरतो, त्याला जाडी नसते. भिंगाखाली काठ नितळ दिसतो आणि रंग वरच्या कातडीपुरता. कोरलेल्या रेघेच्या कडेला पायरी अजिबात नसते. पेल्याच्या आतून टॉर्च लावला की लेपाचे कमी-अधिक गडद ढग आणि कुंचल्याच्या खुणाही कधी उमटतात.

लेपाची ही लाल काच म्हणजे बाजारातला सर्वांत मोठा घोळ. हरिण, जंगल, द्राक्षवेल आणि किल्ला कोरलेले लाल पेले, सुरया आणि डबे 1840 पासून आजतागायत अखंड बनत आले आहेत, नोव्ही बोरमध्ये पर्यटकांसाठी आताही बनतात. म्हणून केवळ लेप ओळखून काळ ठरत नाही. त्यासाठी पुढच्या टप्प्यातले कोरीव काम वाचावे लागते.

काळ्या काचेसाठीही एक वर्ष ध्यानात ठेवावे. दक्षिण बोहेमियात काउंट बुकॉय याच्या भट्टीत 1817 पासून हायलिथ नावाची गडद काळी काच होऊ लागली आणि तिच्यावर सोनेरी चिनी धर्तीची चित्रे रंगवली गेली. एगरमानने 1828-29 च्या सुमारास अर्धमौल्यवान दगडासारखी शिरांची लिथियालिन काच काढली. या दोन्ही प्रकारांची नावे विक्रेत्यांच्या तोंडी सहज येतात, खऱ्या वस्तू मात्र क्वचित येतात.

5. कोरीव काम, पैलू आणि चित्र वाचा

तांब्याच्या लहान चकतीने कोरलेली रेघ भिंगाखाली होडीच्या तळासारखी दिसते : मध्ये खोल, टोकांना निमुळती, आत बारीक समांतर ओरखडे. वाळूच्या झोताने केलेले काम सर्वत्र सारख्याच खरखरीचे असते, त्याच्या कडा कातरून काढल्यागत तुटक असतात आणि खोलीत चढउतार नसतो. वाळूच्या झोताचे पेटंट 1870 चे आहे, त्यामुळे ‘1840 चा’ म्हणून दाखवलेल्या पेल्यावर ते आढळले की बोलणे तिथेच थांबवावे. पैलूंच्या कडा बोटाला टोकदार लागल्या तर चाकावर पॉलिश केलेल्या असण्याचा संभव अधिक. त्या मेणासारख्या मऊ, गोलसर झालेल्या असतील तर आम्लाने पॉलिश केलेले विसाव्या शतकातले काम समजावे.

चित्राचा विषय कधीकधी तारीखच सांगतो, आणि मला स्वतःला या कामातला हा भाग सर्वांत आवडतो. कार्ल्सबाड, मारियनबाड, फ्रान्झेन्सबाड, टेप्लित्झ या औषधी झऱ्यांच्या गावी येणारे लोक गावाची दृश्ये कोरलेले पेले आठवण म्हणून घरी नेत. समजा, तुमच्या हातात लाल लेपाचा, आठ पैलूंचा पेला आहे आणि त्याच्या समोरच्या चौकटीत नदीकाठची एक लांबलचक, ओळीने खांब असलेली इमारत कोरलेली आहे. ती कार्ल्सबाडची म्यूलब्रुन स्तंभवीथी असेल तर तिचा वास्तुविशारद योझेफ झीतेक आणि तिचे बांधकाम 1871 ते 1881 या काळातले. पेला मग 1870 च्या दशकाआधी जाऊच शकत नाही, विक्रेता काहीही म्हणो. मारियनबाडची लोखंडी स्तंभवीथी 1889 ची. उलट दिशेने मात्र हा तर्क चालत नाही : पाडून टाकलेली इमारत चित्रात दिसते म्हणून पेला ती पाडण्याआधीचाच असे म्हणता येत नाही, कारण कोरणारे कारागीर जुनी छापील दृश्ये समोर ठेवून वर्षानुवर्षे तेच चित्र काढत असत.

रंगवलेल्या काचेवर भिंगाखाली कुंचल्याचे फटकारे दिसायला हवेत. रंग एकसारख्या बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसला तर ते छापील चित्र चिकटवून भाजलेले आहे आणि वस्तू अलीकडची आहे. सोनेरी मुलामा हाताळणीच्या जागी, म्हणजे मूठ, झाकणाची गुंडी आणि ओठ टेकण्याची कड इथे, झिजलेला असावा. बाकी तळ घासलेला आणि सोने मात्र सगळीकडे कोरे करकरीत असेल तर शंका घ्यावी.

आणि काचेवर रंगवलेल्या सालावर कधीही विश्वास ठेवू नका. दुडोकी गरुड, ढाली आणि ‘1652’ असे आकडे असलेले हिरवट उंच पेले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या वस्तूंच्या हौसेपायी मोठ्या संख्येने बनवले गेले, शेजारच्या सायलेशियातही. बनवणाऱ्यांचा हेतू फसवण्याचा नव्हता, पण शंभर-सव्वाशे वर्षांनी त्यांना धूळ बसली आणि त्यांच्या अंगावरचे साल अनेकांना खरे वाटू लागले.

6. झळाळीची काच : प्रत्येक वस्तू लोट्झ नव्हे

तेलाच्या तवंगासारखे रंग पालटणारी काच 1873 च्या व्हिएन्ना प्रदर्शनात लोबमायर या व्हिएन्नाच्या पेढीने मांडली आणि तेव्हापासून ती लोकप्रिय झाली. झळाळी आहे म्हणजे वस्तू 1870 च्या दशकाआधीची नाही, एवढे तरी ठामपणे सांगता येते.

या प्रकारात ज्या नावाला सर्वाधिक किंमत मिळते ते योहान लोट्झ विट्वे, म्हणजे लोट्झच्या विधवेचा कारखाना. तिच्या नातवाने, माक्स फॉन श्पाउनने, 1879 मध्ये तो हाती घेतला. 1898 च्या सुमारास चांदीसारखे धागे लाटांत ओढलेली ‘फेनोमेन’ मालिका आली आणि 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात तिला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. कारखाना 1947 मध्ये बंद पडला. याच काळात क्रालिक, पाल्मे-क्योनिग, रिंड्सकॉप्फ या बोहेमियन भट्ट्याही अशीच काच बनवत होत्या आणि चारही घरांचा बहुतेक माल बिनसहीचा आहे. साहजिकच विक्रेत्यांच्या यादीत तो सगळाच्या सगळा लोट्झचा होतो.

वेगळेपण शोधायचे असेल तर तीन गोष्टी पाहा. फेनोमेनच्या उत्तम नमुन्यांत धागे काचेत पूर्ण विरलेले असतात, बोटाला लागत नाहीत, आणि त्यांची लय वस्तूच्या आकाराला अनुसरून वळते. लोट्झचा काठ बऱ्याचदा भट्टीतच तापवून गोलावलेला असतो, तर प्रतिस्पर्ध्यांच्या स्वस्त मालात साच्यात फुंकून वर चाकाने कापलेला, घासलेला चपटा काठ वारंवार दिसतो. काचेच्या धाग्यांची उठावदार जाळी अंगभर लपेटलेली असेल तर पाल्मे-क्योनिगचा विचार आधी करावा. ही निर्णायक परीक्षा नव्हे, केवळ कल सांगणारी चिन्हे आहेत. खात्री छापील नमुना-सूची आणि संग्रहालयातल्या नोंदलेल्या वस्तूंशी आकार ताडून पाहिल्यावरच होते.

नावाचा एक गोंधळ टाळा. व्हिएन्नाचा चित्रकार कोलोमान मोझर याने लोट्झसाठी बाकालोवित्स या व्यापाऱ्यामार्फत आकार दिले. त्याचा कार्ल्सबाडच्या मोझर कारखान्याशी संबंध नाही.

7. शिक्के, सह्या आणि लेबले शेवटी वाचा

अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्यानुसार 1891 पासून तिकडे जाणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव घालणे बंधनकारक झाले. त्यामुळे ‘ऑस्ट्रिया’ असा शिक्का बहुधा 1891 ते 1918 या काळाकडे, ‘झेकोस्लोव्हाकिया’ हा 1918 नंतरच्या काळाकडे आणि ‘झेक रिपब्लिक’ हा 1993 नंतरच्या काळाकडे बोट दाखवतो. युरोपात किंवा भारतात आलेल्या मालावर देशनाम नसणे हे जुनेपणाचे लक्षण नाही, कारण त्याला तो अमेरिकी कायदा लागू नव्हता.

सही ही सर्वांत सहज खोटी करता येणारी गोष्ट आहे. ‘लोट्झ ऑस्ट्रिया’ ही अक्षरे विजेच्या कोरणीने तळावर लिहायला दोन मिनिटे लागतात. भिंगाखाली अक्षरांच्या कडा पांढऱ्या, ताज्या आणि भुकटी धरलेल्या दिसल्या, किंवा तळाची जुनी झीज अक्षरांच्या खालून गेलेली आणि अक्षरे झिजेवरून कोरलेली दिसली, तर सही नंतरची आहे. माझे मत असे की चांगली, बिनसहीची वस्तू संशयास्पद सहीच्या वस्तूपेक्षा केव्हाही बरी.

साच्यांचाही विचार करावा लागतो. याब्लोनेत्सच्या कुर्ट श्लेफोग्टने 1934 मध्ये ‘इंग्रिड’ नावाने जेड आणि मॅलॅकाइट दगडांसारख्या दिसणाऱ्या दाबीव काचेच्या अत्तरदाण्या, मूर्ती, फुलदाण्या बाजारात आणल्या. त्यांचे साचे युद्धानंतरही वापरात राहिले, म्हणून आकार तंतोतंत जुळला तरी वस्तू 1930 च्या दशकातलीच असे होत नाही. जुन्या मालात घासून पॉलिश केलेले सांधे आणि तळ अधिक निगुतीचे असतात. शिवाय 1945 नंतर हाकलले गेलेले याब्लोनेत्सचे कारागीर बव्हेरियात कॉफबॉयरेनजवळ नॉयगाब्लोन्झ वसवून तोच व्यवसाय करू लागले, तेव्हा ‘बोहेमियन’ धाटणीची वस्तू पश्चिम जर्मनीतलीही असू शकते.

8. आपल्याकडच्या बाजारातले सापळे

मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात रंगीत काचेला सरसकट ‘बेल्जियम’ म्हणतात. हा दर्जा सांगणारा बाजारू शब्द आहे, देशाचा पुरावा नव्हे. त्या नावाखाली बोहेमियन, इंग्रजी आणि कालपरवाची काच एकत्र नांदते. वाड्यांतल्या हंड्या-झुंबरांपैकी बरीच इंग्लंडच्या ऑस्लर पेढीची, जिचे दालन कोलकात्यात होते. आणि फिरोझाबादेत त्याच घाटाच्या नव्या हंड्या आजही बनतात. हंडीची पितळी कडी जुनी आणि काच नवी, किंवा उलट, असे जोडकाम इतके सर्रास आहे की दोन्ही भाग नेहमी सुटे तपासावेत.

बोहेमियाने पूर्वेकडच्या गिऱ्हाइकांसाठीही माल काढला. पैलूदार, सोनेरी वेलबुट्टीचे हुक्क्याचे तळ आणि गुलाबदाण्या तुर्कस्तान, इराण आणि हिंदुस्थानकडे जात. आकार देशी म्हणून काच मोगल समजू नये. याब्लोनेत्सच्या मण्यांचा आणि बांगड्यांचाही इथे मोठा खप होता, त्यामुळे आजीच्या डब्यातल्या काचेच्या बांगड्या दूर बोहेमियातून आलेल्या असणे मुळीच अशक्य नाही.

प्रत्यक्ष पाहून डोळा तयार करायचा असेल तर हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातले युरोपीय काचेचे दालन जवळ पडते. युरोपात जाणे झाल्यास प्रागचे उपयोजित कलांचे संग्रहालय, नोव्ही बोर आणि याब्लोनेत्स इथली काच-संग्रहालये आणि जर्मनीतल्या पासाउचे काच-संग्रहालय यांसाठी वेळ राखून ठेवावा.

9. नोंद करा, आणि परदेशी नेण्याआधी कायदा पाहा

प्रत्येक वस्तूची नोंद एकाच पद्धतीने लिहावी : मापे, वजन, घनता काढली असल्यास ती, रंगाची तऱ्हा, कोरीव कामाची पद्धत, अतिनील प्रकाशातला परिणाम, तळ, झीज, दुरुस्ती, कोणाकडून केव्हा मिळाली, आणि शेवटी निष्कर्ष. निष्कर्ष पुराव्याइतकाच असावा. वर सांगितलेल्या पेल्याची नोंद अशी होईल : ‘पेला, लाल रंगलेप, चाकाने कोरलेला, म्यूलब्रुन स्तंभवीथीचे दृश्य, बोहेमिया, 1871 नंतर, बहुधा एकोणिसाव्या शतकाची अखेर, कारखाना अनिश्चित.’ ‘कारखाना अनिश्चित’ लिहायला संकोच वाटू नये. मोठ्या संग्रहालयांच्या नोंदींतही ते शब्द पदोपदी भेटतात. विमा किंवा वाटणीसाठी मूल्यांकन हवे असेल तर ही नोंद आणि तळाची, काठाची जवळून घेतलेली छायाचित्रे मूल्यांककाला आधी पाठवावीत, आणि जो वस्तू विकतही घेऊ इच्छितो त्याच्याकडून मूल्यांकन करून घेऊ नये.

परदेशात स्थायिक झालेली मुले घरची वस्तू सोबत नेऊ इच्छितात, तेव्हा एक गोष्ट आडवी येते. पुरावस्तू व कला खजिना कायदा, 1972 नुसार शंभर किंवा त्याहून अधिक वर्षे जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही. वस्तू मुळात युरोपात घडली आहे म्हणून आपोआप सूट मिळत नाही. वय शंभरच्या आत आहे असे तुमच्या तपासणीतून दिसत असेल, तर प्रवासाच्या बऱ्याच आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे वस्तू दाखवून ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे, आणि त्या अर्जाला वरची नोंद, छायाचित्रे आणि असल्यास खरेदीची पावती जोडावी.